पुढच्या कटवरून वळा

अडीच हजार वर्षांपूर्वी परमुलखात मेलेल्या राजांना वाचवण्यासाठी जिवाचा एवढा आटापिटा करणारा माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. तो माणूस म्हणजे आमचे इंग्रजीचे सर. नववीच्या आमच्या इंग्रजीच्या पुस्तकात एका धड्याखाली सात ओळींची एक चौकट होती. ग्रीस देशात पूर्वी शोकांतिका लिहिल्या जात, त्यांतले विषय सगळ्या काळांत आणि सगळ्या देशांत लागू पडतात, त्यांना 'युनिव्हर्सल थीम्स' म्हणतात, विद्यार्थ्यांनी असे विषय शोधावेत, एवढाच मजकूर. बाकीच्या शाळांत ही चौकट 'परीक्षेला नाही' या दोन शब्दांत उरकली जात असणार. आमच्या सरांनी ती जूनमध्ये धरली आणि दिवाळीपर्यंत सोडली नाही. मधल्या वेळेत पुस्तकातले बाकीचे धडे त्यांनी पोलिओचे डोस पाजावेत तसे आम्हाला पाजले, म्हणजे तोंड उघडायला लावून, पटकन, आणि पुढच्याला हाक मारत. मग हात झटकून म्हणायचे, "चला, पोट भरायचं काम झालं. आता राजेंकडं जाऊ."

सर राहायला अंबडला. तिथून स्कूटरवर वडीगोद्रीपर्यंत यायचं, तिथे हायवेला लागायचं आणि शहागड गाठायचं, हा त्यांचा रोजचा रस्ता. अंगाने शिडशिडीत, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली, आणि कान असे की देवाने ते मोठ्या माणसासाठी करून चुकून यांना बसवले असावेत. त्या कानांवरून हेल्मेट काढणं हा मोठा दुखरा प्रकार असल्यामुळे असेल किंवा विसराळूपणामुळे असेल, पण आठवड्यातून दोनदा तरी सर हेल्मेट घालूनच वर्गात यायचे, हजेरी घ्यायचे, आणि आमचा 'येस सर' नीट ऐकू येत नाही म्हणून आमच्यावरच चिडायचे.

आमची शाळा हायवेच्या पलीकडच्या अंगाला. हायवेच्या मधोमध दुभाजक, आणि दुभाजकात मधूनमधून वळायला जागा सोडलेली. त्या जागेला आमच्याकडे 'कट' म्हणतात. पत्ता सांगतानाही लोक 'दुसऱ्या कटवरून वळा' असंच सांगतात. शाळेजवळचा कट चुकला, तर पुढचा कट थेट गंगेच्या पुलापलीकडे. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो, आणि गंगा ओलांडली की बीड जिल्हा लागतो. कट चुकलेला कुठलाही शहाणा माणूस शंभर पावलं राँग साइडने परत येतो. सर येत नसत. स्कूटरवर एकट्याने कुठल्यातरी राजाशी बोलण्याच्या नादात त्यांचा कट महिन्यातून चार-पाचदा चुकायचा, आणि प्रत्येक वेळी ते इमानेइतबारे पूल ओलांडून, बीड जिल्ह्यात जाऊन, तिकडच्या कटवरून वळून यायचे. शाळेच्या उशिराच्या रजिस्टरमध्ये 'कारण' या रकान्यात त्यांनी लिहिलेलं मी स्वतः पाहिलं आहे, 'परजिल्ह्यात जाऊन आलो.' मुख्याध्यापकांनी एकदा समजावून पाहिलं, तर म्हणाले, "चूक झाली तं पुढच्या कटवरून वळावं. राँग साइडनं वळलं की ती दुसरी चूक."

ग्रीक नावांच्या फंदात ते पडले नाहीत. ती नावं आमच्या जिभेवर बसेनात, म्हणून सरसकट सगळ्या राजांना 'राजे' आणि राण्यांना 'बाईसाहेब' म्हणायचं ठरलं. युनिव्हर्सलची व्याख्याही त्यांची स्वतःची होती. जे शहागडच्या स्टँडवर घडू शकत नाही ते युनिव्हर्सल नाही, मग ते कितीही थोर माणसाने लिहिलेलं असो. "तिकडं महाल, इकडं पत्रे," ते सांगायचे. "हेका तोच." गोष्ट बहुतेक एकाच वळणाची असायची. राजाने रागाच्या भरात चार माणसांत शब्द टाकलेला असतो. तो चुकला हे घरच्यांना कळतं, नोकरचाकरांना कळतं, राजाला तेवढं कळत नाही, आणि कळतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. गोष्ट संपली की सर फळ्यावर हायवे काढायचे. मधे दुभाजक, दुभाजकात कट, आणि या टोकाला खडूची एक स्कूटर, म्हणजे राजे. मग आम्हाला विचारायचे, "सांगा, कट कुठं कुठं होता?" इथे राणीने विनवलं, हा एक कट. इथे मुलगा पाया पडला, हा दुसरा. आम्ही सांगत जायचो, सर खुणा करत जायचे, आणि खडूची स्कूटर एकेक कट सोडून पुढे पुढे जायची. शेवटच्या कटपाशी सरांचा आवाज बसायचा. "होता. कट होता. दिसत बी होता. राजे वळले न्हाईत." एवढं बोलून ते डोळे पुसायचे. पुष्कळदा रुमाल समजून डस्टरने पुसायचे, आणि मग पांढऱ्या तोंडाने पुढच्या वर्गावर जायचे.

शोधलेला विषय युनिव्हर्सल आहे हे सिद्ध करायला प्रत्येकाने घरचा एक पुरावा इंग्रजीत लिहून आणायचा असा नियम होता. या पुराव्यांनी आमचं इंग्रजी किती सुधारलं सांगता येत नाही, पण गावातली सगळी भांडणं आम्हाला पाठ झाली. किराणा दुकानवाल्यांचा हर्षद, ज्याच्या पणजोबांनी राजस्थानातून येऊन इथे दुकान टाकलं होतं, त्याने लिहिलं की आजोबा आणि धाकटे आजोबा एकाच भिंतीला लागून दोन दुकानं चालवतात, पण दुकानाच्या कॅलेंडरवर कुणाचं नाव वर यावं यावरून बोलणं बंद झालं ते झालंच. माझी बेंचवरची मैत्रीण तबस्सुम हिने लिहिलं की चाचांनी फुफीच्या, म्हणजे आत्याच्या, घरच्या बिर्याणीत 'नमक कम है' म्हटलं आणि तेव्हापासून फुफी ईदलाही येत नाही. सरांनी दोन्हींचे हायवे काढले. बिर्याणीत चार कट निघाले. एकाने मात्र काकांचं नावगाव घालून बांधाचं भांडण लिहिलं, आणि काका काठी घेऊन शाळेत आले. सर त्यांना थेट वर्गात घेऊन आले, फळ्यावर बांधाचा हायवे काढला आणि अर्धा तास काकांना एकेक कट दाखवला. काका जाताना काठी विसरून गेले. ती पुढे नकाशा दाखवायला उपयोगी पडली. त्या दिवसापासून पुराव्यात नावगाव घालायचं नाही असा पोटनियम झाला.

एकदा केंद्रप्रमुख शाळा तपासायला आले. पहिल्या बाकावरच्या हर्षदला त्यांनी विचारलं, इंग्रजीत सध्या काय चालू आहे. हर्षद उभा राहून म्हणाला, "कट शोधून राह्यलो सर. घरोघरी." साहेबांनी चष्मा वर केला आणि विचारलं, कुणाचा कट. "सध्या काकांचा," हर्षदने प्रामाणिकपणे सांगितलं. साहेब शहरातले. त्यांना कट म्हणजे कारस्थान एवढंच ठाऊक. त्यांनी मुख्याध्यापकांना बाजूला घेतलं. पुढे दोनदा चहा झाला, मुख्याध्यापकांनी साहेबांना हायवेवर नेऊन खरा कट दाखवला, तेव्हा कुठे प्रकरण मिटलं.

सरांचा खरा राग राजांवर नव्हताच, कोरसवर होता. या नाटकांत एका बाजूला बारा-पंधरा माणसं उभी असतात. ती घडणारं सगळं बघतात, गातात, हळहळतात. गोंधळात मुख्य गोंधळ्याच्या मागे सूर धरणारे असतात ना, तसे हे झीलकरी, असं सरांनी समजावलं होतं, आणि वर्गाला झीलकरी नेमून टाकलं होतं. खडू वर गेला की पन्नास जणांनी एका सुरात 'राजे, वळा' म्हणायचं. पण मग तेच तावातावाने म्हणायचे, "एवढी माणसं उभी. सगळं दिसून राह्यलं. गाणी म्हणली, रडली. एकानं तरी पुढं होऊन राजेंचा हात धरला का?" आम्ही खाली मान घालायचो, जणू आम्हीच तिथे उभे होतो.

असे हे सर एका गावाचं नाव कधी घेत नसत. परतूर तालुक्यातलं आष्टी हे बाजाराचं मोठं गाव, आमच्या भागातल्या निम्म्या लोकांचे तिथे सोयरे. सर 'ते परतूर तालुक्यातलं गाव' म्हणायचे, आणि दुसऱ्या कुणी नाव घेतलं की उठून जायचे. तिथल्या केंद्रावर परीक्षेचं काम आलं तर आजारी पडायचे. 'व्हर्सटाइल' या शब्दाचा अर्थ सांगताना अष्टपैलू म्हणावं लागतं, तर ते 'सात अधिक एक पैलू' म्हणाले. हर्षदचं मत होतं की तिथे त्यांना कुत्रं चावलं असावं. आम्ही हसायचो.

खरी गोष्ट आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हती, पण तुम्हाला आत्ताच सांगून टाकते. सरांच्या पत्नी मुलगी लहान असतानाच गेल्या. मुलीला सरांनी एकट्यांनी वाढवलं, वेण्या घालण्यापासून डबा करण्यापर्यंत. त्या मुलीने, शुभांगीताईने, कॉलेजात असताना आष्टीच्या एका मुलाशी न विचारता लग्न केलं. मुलाचं विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करण्याचं दुकान होतं आणि तो दहावीला इंग्रजीत दोनदा नापास झालेला होता. सरांना ही बातमी अंबडच्या एका कटिंगच्या दुकानात, तोंडाला अर्धा साबण लागलेला असताना कळली. त्यांनी तिथेच, खुर्चीत बसल्या बसल्या, दहा माणसांदेखत जाहीर केलं की आजपासून मी आष्टीचं नाव घेणार नाही आणि माझ्यापुढे कुणी घ्यायचं नाही. ताईने फोन केले, ते उचलले गेले नाहीत. लोकांनी सरांचा शब्द पाळला. इतका पाळला, की दोन वर्षांनी ताईला मुलगा झाला तेही सरांना कुणी सांगितलं नाही.

माझी मावशी आष्टीला असते. त्या वर्षी ती भाद्रपदात महालक्ष्म्यांना आमच्याकडे आली होती, आणि बोलता बोलता तिने शेजारच्या घरातली अडचण सांगितली. शेजारणीचं बाळ वर्षाचं होत आलं, पण जावळ काढलेलं नाही. आमच्याकडे बाळाचे पहिले केस मामाच्या मांडीवर बसवून काढतात. शेजारणीला भाऊ नाही. सासरचे म्हणतात, कुणीतरी मानलेला मामा बसवू आणि उरकून टाकू. ती म्हणते, मामा नसला तरी बाळाला आजोबा आहेत, माहेरची मांडी आहे, मी थांबते. पण बाप तीन वर्षं बोलत नाही, दहा माणसांत शब्द टाकलाय म्हणून. दिवाळीच्या पाडव्यापर्यंत थांबायचं तिने सासूकडून मागून घेतलं होतं. नंतर जी मिळेल ती मांडी. मावशी म्हणाली, पोराचे केस एवढे वाढलेत की लोक साधू म्हणून पाया पडतील.

मला त्या आठवड्यात पुरावा सापडत नव्हता. मी हाच लिहून टाकला. आष्टी लिहायची सोय नव्हती, म्हणून 'एका गावात' असं लिहिलं. 'इन वन व्हिलेज वन बेबी हॅज व्हेरी लाँग हेअर. धिस इज ट्रॅजेडी.' अशी माझी सुरुवात होती.

सरांनी वही वर्गापुढे मोठ्याने वाचली आणि टेबलावर आपटली. "कसला बाप हाये ह्यो?" त्यांनी विचारलं. मी भीत भीत सांगितलं की मावशी म्हणते, चांगला शिकलेला आहे. "मंग तं जास्तच," सर म्हणाले, आणि फळ्याकडे वळले. असा मोठा हायवे त्यांनी त्याआधी कधी काढला नव्हता. लग्न झालं तो एक कट. पहिली दिवाळी, दुसरा. लेक पोटुशी राहिली, तिसरा. बाळ झालं, चौथा. बारसं, पाचवा. प्रत्येक खुणेला सरांचा खडू मोडत होता आणि वर्ग ओरडत होता, राजे, वळा. जावळाच्या कटपाशी येऊन ते थांबले आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. या गोष्टीत कट अजून गेलेला नव्हता. अडीच हजार वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या हाती जिवंत राजा लागला होता. त्यांनी मला जवळ बोलावून हुकूम केला, मावशीकडून त्या बापाचं नाव काढायचं आणि त्यांना एकट्यांना सांगायचं. मग पन्नास झीलकऱ्यांपुढे शब्द दिला, "मी सोता जातो त्याच्याकडं. हात धरून नेतो त्याला."

आईला सवड मिळाली ती दिवाळीच्या सुटीआधीच्या रविवारी, तेव्हा तिच्याबरोबर मी आष्टीला गेले. मावशीने मला शेजारी नेलं. ओसरीवर एक बाळ रांगत होतं. केस खांद्यावर आलेले, आणि त्या जंगलातूनही दोन कान असे बाहेर आलेले की मी अंगणातच थांबले. जगात तसे कान मी फक्त हेल्मेटखाली पाहिले होते. बाळ रांगत रांगत पेटत्या चुलीकडे निघालं. त्याची आई भाकरी थापत होती, हात पिठाचे. तिने जागेवरूनच हाक दिली, "राजे, तिकडं न्हाई. माठापाशी कट आहे, तिथून वळा." आणि ते लबाड माठापाशी वळलं.

हे कुठे शिकलात, मी विचारलं. ती हसली. "आमचे अण्णा म्हणायचे." मग तिने माझी शाळा विचारली. मी सांगितली. तिने अर्धी थापलेली भाकरी मोडून पुन्हा गोळा केला. मग तिने एवढंच विचारलं, "अजून हेल्मेट काढायचं विसरतात का?"

मी हो म्हणाले. तिने पिठाच्या हातानेच डोळे पुसले, आणि तोंड पांढरं झालं. मला फार वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं हसूही आलं. बाप-लेकीचं किती सारखं असावं. निघताना तिने माझा हात धरून सांगितलं, "त्यांना बोलावू नको हं. बोलावलं की ते हेका धरतात. त्यांचं त्यांना वाटलं पाहिजे."

सोमवारी मधल्या सुटीत मी तबस्सुमला सगळं सांगितलं, तिने वर्गाला सांगितलं, आणि वर्गात एवढी शांतता पसरली की मुख्याध्यापक डोकावून गेले. सरांनी स्वतःच स्वतःला शोधायला मला पाठवलं होतं. आता नाव सांगावं तर पन्नास मुलांपुढे त्यांची मान खाली जाणार. एकट्यांना सांगावं तर ते उठून निघून जाणार, जसे आष्टीचं नाव निघालं की जातात. न सांगावं तर पाडव्याला बाळ कुठल्या तरी परक्या मांडीवर बसणार. मी म्हटलं, मला नाही जमणार, सर इंग्रजी शिकवायचंच सोडून देतील. तबस्सुम म्हणाली, "तो क्या गाते बैठना? हात कौन पकडेगा?" बराच वेळ खलबत चाललं. शेवटी हर्षद म्हणाला, कट दाखवायचा तर कट करावा लागेल, आणि या एका वाक्यासाठी त्याचे सगळे गुन्हे मला माफ आहेत.

दिवाळीच्या सुटीच्या आदल्या दिवशी सर वर्गात आले ते हेल्मेट घालूनच. आल्या आल्या माझ्याकडे बघून विचारलं, नाव निघालं का. मी उभी राहिले. ठरल्याप्रमाणे म्हटलं, "सर, नाव सांगते. पण आधी तुम्ही सांगा, त्या बापानं आता काय करावं."

सर तयारच होते. "आजच्या आज निघावं," ते म्हणाले. "दहा माणसांत बोलला म्हणून काय झालं? ती दहा माणसं आपापल्या घरी जाऊन जेवली, झोपली, इसरून बी गेली. हा एकटाच तो शब्द धरून बसलाय. लेकीपेक्षा शब्द मोठा हाये का?"

मग मी वही उघडली आणि पुराव्याचा दुसरा भाग वाचायला लागले. इंग्रजी लिहिलं होतं, पण तोंडातून मराठीच येत गेलं. बाळ आता अकरा महिन्यांचं आहे. केसांतून त्याचे कान बाहेर येतात. आई त्याला राजे म्हणते. ते चुलीकडे गेलं की ती म्हणते, माठापाशी कट आहे, तिथून वळा. मी तिला विचारलं, हे कुणी शिकवलं. ती म्हणाली, अण्णांनी. तिने विचारलं, अण्णा अजून हेल्मेट काढायचं विसरतात का.

मी वही मिटली. सर फळ्याला टेकून उभे होते. त्यांनी हात वर नेला, हेल्मेट चाचपलं, आणि हात तसाच राहिला. मला वाटलं आता ते निघून जातील, आणि ते खरंच दाराकडे वळले. तेव्हा तबस्सुम उठली. एरवी हजेरीलाही जिचा आवाज निघत नाही, ती पोर दारापर्यंत गेली आणि तिने सरांची बाही धरली. "राजे, वळा," ती म्हणाली. खडू वर गेला नव्हता, तरी मागून पन्नास जणांनी झील धरली, पण हळू, जशी आजारी माणसाच्या खोलीत बोलतात.

सर दारातच थांबले. बाहेरून ट्रक जात होते. मग त्यांनी वर्गाकडे तोंड करून विचारलं, "आष्टीला गाडी किती वाजता हाये?"

आष्टी. तीन वर्षांत पहिल्यांदा. वर्गातल्या निम्म्या पोरांचे सोयरे तिथे, वेळ सगळ्यांना पाठ. "साडेबारा," अख्खा वर्ग एका दमात म्हणाला.

कट चुकू नये म्हणून स्कूटर शाळेतच राहिली. पुढचं शुभांगीताईने मला नंतर सांगितलं. डोक्यात हेल्मेट घालून एसटीतून उतरलेला तो आष्टीतला पहिलाच प्रवासी असावा. सर पत्ता विचारत घरापर्यंत आले आणि घरावरून पुढे निघून गेले. पुढच्या चौकातून वळून आले, पुन्हा पुढे गेले. तिसऱ्यांदाही तेच. चौथ्या फेरीला ताई बाळाला कडेवर घेऊन रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. सर थांबले. म्हणाले, "कट दिसंना बाई." ताईने त्यांचं हेल्मेट काढलं, आणि बाळाने पहिल्यांदा आजोबांचा कान पकडला तो रात्रीचं जेवण होईपर्यंत सोडला नाही. जावयांनी दारात स्वागत केलं, 'कम इन, फादर.' सर म्हणाले, फादर-इन-लॉ म्हणावं. पाडव्याला जावळ झालं. मांडी माहेरची होती.

या गोष्टीला नऊएक वर्षं झाली. सर निवृत्त झाले. मी वकिलीचं शिकून अंबडच्या कोर्टात एका वकीलबाईंच्या हाताखाली काम करते. भाऊबंदकीचे लोक येतात, तेव्हा माझा हात आपोआप कागदाच्या कोपऱ्यात हायवे काढतो. बाई विचारतात हे काय, मी सांगते, इंग्रजीचा अभ्यास. पुस्तक मधे बदललं म्हणतात, ती सात ओळींची चौकट आता नाही. मला ते कळलं तेव्हा घरचं कुणी गेल्यासारखं झालं.

परवा अंबडच्या स्टँडवर सर भेटले. नातवाला सुटीसाठी आणायला आष्टीला गेले होते, नुकतेच उतरले होते. थकलेत. कान तेवढे तसेच आहेत. मी पाया पडले आणि म्हणाले, सर, सगळं नीट झालं ना शेवटी. ते हसले. म्हणाले, "झालं की. बिलकुल नीट झालं." मग नातवाकडे बघून म्हणाले, "पण पोरी, पहिल्या दिवाळीला ती दारात उभी राहून वाट बघत व्हती म्हणे. ती दिवाळी काही मला मिळाली न्हाई. कट सापडला तरी मागं सोडलेला रस्ता कुठं मिळतो." एवढं बोलून त्यांनी खिशात हात घातला. या वेळी रुमालच निघाला.

तेवढ्यात नातू हात सोडून, फलाटाला लागणाऱ्या गाडीच्या दिशेने धावत सुटला. सरांचा आवाज पूर्वीसारखा चढत नाही. त्यांनी नुसताच हात वर केला, खडू धरल्यासारखा. मी भर स्टँडवर, काळा कोट घालून, घसा फोडून ओरडले, राजे, वळा.

आणि राजे वळले.